काळ्या बियरची चव

महिपती चहाचं आधण ठेवता ठेवता लेकीला पुन्हा तेच बजावत होता. "विचारलं तर सांगायचं, ज्यूसच्या कंपनीत लॅबमधे हाय. बियरचं नाव काढायचं नाय गो!"

सेजलने मान हलवली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुण्याच्या कारखान्यात ती बियर चाखायचं काम करायची, आणि काळ्या बियरमध्ये तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. आज बिरवाडीच्या या दोन खोल्यांत तुडीलची मंडळी तिला बघायला यायची होती. एकदा ज्यूस म्हटलं की जन्मभर खोटं सांभाळा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा. ती खिडकीशी जाई, परत येई, नीट असलेला पदर पुन्हा नीट करी.

मंडळी आली. मुलगा साहिल आणि त्याची आत्या बनुबाई. साहिल बापडा गप्प होता, बनुबाईच्या तोंडाला मात्र उसंत नव्हती. शिक्षणाचं विचारून झालं, स्वयंपाकाचं झालं, मग महिपतीने चहा आणला. तिथेच सवयीने घात केला. सेजलने कप गोल फिरवला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून घोट जिभेवर घोळवला.

"काय गो, चहात पाल पडली काय?" बनुबाईने विचारलं.

महिपती डोळ्यांनीच गप्प राहा म्हणत होता. सेजलने कप बशीत ठेवला.

"दूध तळाला लागलंय," ती म्हणाली. "कामाची सवय आहे. मी बियर चाखते."

"दारू?" बनुबाईची बशी खणकन वाजली.

आता मागे फिरणं नव्हतं. सेजल सांगतच सुटली. "काळ्या बियरसाठी जव भाजतात. खूप भाजले की स्टाउट, करपलेल्या नाचणीसारखी, कडू कॉफीसारखी. पोर्टर त्याहून मऊ, चॉकलेटच्या वासाची. जर्मन डंकेल खरपूस भाकरीच्या पापुद्र्यासारखी, गोडसर. काळी म्हणजे जास्त चढणारी असंही नसतं, कधीकधी पिवळीच जास्त चढते. मला यातलं कळतं. मला हे काम आवडतं."

"लग्नानंतर सोडाल ना पण?" साहिलने हळूच विचारलं.

"नाय," ती म्हणाली. पुण्यात कमावलेलं शुद्ध 'नाही' ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे.

मंडळी उठली. चहा तसाच राहिला. बापाकडे बघायची सेजलला हिंमत होईना. तेवढ्यात शेजारची रंगूबाई दारात हजर. "चहा न घेताच गेली वो पावणी? आपली सेजल ज्यूसच्या कंपनीत ना?"

महिपतीने सेजलचा कप उचलला, तिच्यासारखाच गोल फिरवला, नाकाशी नेला आणि एक घोट जिभेवर घोळवला.

"दूध लागलंय खरं. माझ्या हातून लागलं," तो म्हणाला. "आणि ज्यूस नाय, रंगूबाई. माझी पोरगी बियर चाखते."