काचेत पाणी दिसेना तेव्हा

"अहो मिस्त्री, या गाण्यातली आग म्हणजे खरी आग नाहीच मुळी!" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप थेट बॉयलरच्या नोंदवहीवर ठेवला. "आग म्हणजे सत्ता. आमच्या गटात यावरून तीन दिवस नुसती जुंपली होती."

मिस्त्रीनं कप उचलला, वही बाहीनं पुसली आणि कप खिडकीत ठेवला. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेल्या या बॉयलरवर त्याची एकतीस वर्षं गेली होती. सिस्टर शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या प्रमुख. वाफ कमी आली की त्या तक्रार घेऊन यायच्या आणि वाफ पुरेशी असली की चहा घेऊन. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, गुडघे कुरकुरत असलेले, पण बाईंना रॉक गाण्यांचं भलतं वेड. नुसतं ऐकून त्यांचं भागत नसे. गाण्यांचे छुपे अर्थ शोधणाऱ्या, फोनवरच्या एका गटात त्या होत्या. तिथे चार हजार रिकामटेकडी माणसं एकेका ओळीचा कीस पाडायची, आणि त्यांत सिस्टरांचा आवाज मोठा होता.

आज ज्या गाण्याचा कीस चालला होता, ते गाणारी आणि लिहिणारी मिस्त्रीची एकुलती एक मुलगी होती. सिस्टरांना हे ठाऊक नव्हतं. मुलगी वेगळ्याच नावानं गायची आणि मिस्त्रीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? त्याची बायको गेली आणि पाचव्या दिवशी मुलगी बॅग भरून निघून गेली. रडली नाही, भांडली नाही, बापाच्या खांद्यावर साधा हात ठेवला नाही. तेव्हापासून नऊ वर्षं दोघांत चकार शब्द नव्हता. पोरगी उलट्या काळजाची निघाली, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिचं गाणं कुठे लागलं की तो उठून जायचा.

पण आज उठून जाणार कुठे? पेटता बॉयलर सोडून जाता येत नाही. सिस्टरांनी चष्मा चढवला आणि फोनवर बघून खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"काचेत पाणी दिसेना,
तर ओतू नकोस थेंबही.
आधी आग विझव,
मग मागे हो, दूर हो."

"आता बघा हं. काच म्हणजे आरसा, पाणी म्हणजे सत्य. एकजण म्हणतो, हिनं प्रियकराला सोडलं त्याचं गाणं आहे. एक प्राध्यापक आहेत, ते तर म्हणतात जगाचा अंत."

मिस्त्रीचा हात झडपेवरच राहिला.

"पुन्हा वाचा."

सिस्टरांनी पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत या माणसानं गाण्यात रस घेतला नव्हता, म्हणून त्या जरा खुलल्याच. "काय, पटतोय ना आरसा?"

"आरसा नाही, सिस्टर. ही." त्यानं बॉयलरच्या तोंडाशी असलेल्या उभ्या काचनळीकडे बोट दाखवलं. निम्म्यापर्यंत पाणी होतं आणि ते बारीक थरथरत होतं. "आत पाणी किती ते हिच्यात कळतं. हिच्यात पाणी दिसेनासं झालं म्हणजे आतला पत्रा कोरडा पडून लाल झालेला. माणूस घाबरतो आणि घाईनं पाणी सोडतो. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की सगळ्याची एकदम वाफ होते. मग बॉयलर फुटतो. तुमचा विभाग, धुलाई, सगळंच जाईल. म्हणून पाणी ओतायचं नाही. आग विझवायची आणि लांब व्हायचं. बॉयलरवाल्याचा पहिला नियम आहे हा."

सिस्टर काचनळीकडे पाहतच राहिल्या. "अगं बाई! चार हजार माणसं, मिस्त्री. दोन वर्षं डोकं फोडतायत. पण त्या गाणाऱ्या पोरीला बॉयलरमधलं कसं काय कळतं?"

"माझी मुलगी आहे ती," मिस्त्री म्हणाला. "शाळा सुटली की इथेच बसायची. मीच पाठ करून घेतलं होतं तिच्याकडून."

आयुष्यात पहिल्यांदा सिस्टरांना कुठल्या ओळीचा अर्थ लावावासा वाटेना.

मिस्त्री मात्र लावत होता. बायको गेली ते पाच दिवस त्याला आठवले. तो खुर्चीत बसून होता. डोळे कोरडे. कुणी बोलायला आलं की अंगावर धावून जायचा, मेहुणीच्या हातातलं ताट त्यानं भिरकावलं होतं. आणि मुलगी दारात उभी राहून त्याच्याकडे एकटक बघायची. त्याला वाटलं होतं, किती थंड नजर! अरे, ती थंड नव्हती. ती काचेत पाणी शोधत होती. आता एक शब्द बोललो, एक हात लावला, तर बाप फुटेल, अशी तिला भीती होती. त्यानंच शिकवलेला नियम तिनं अक्षरशः पाळला होता. माणसाला बॉयलर समजण्याची चूक बॉयलरवाल्याच्या मुलीशिवाय कोण करणार? एवढी वर्षं ज्या पोरीला आपण दगड म्हणत होतो, तिनं आपला शब्द न् शब्द जपला, गाण्यात घालून जगभर नेला, आणि तो आपल्यालाच कळायचा राहिला होता.

"पुढे वाचा," तो म्हणाला.

"पुढे काही नाही. इथेच संपतं."

"असं कसं? नियम पुरा कुठे झाला?"

दोन वाजता दुसऱ्या पाळीचा माणूस आला. मिस्त्रीनं नोंदवहीत सही केली आणि बाहेरच्या अंगणात जाऊन फोन काढला. नंबर त्याच्याकडे होता. मेहुणीनं कधीच देऊन ठेवला होता. सिस्टर ड्युटी सोडून खिडकीशी उभ्या होत्या आणि आपण ऐकत नाही असं दाखवत होत्या.

"हॅलो?"

"तुझं गाणं ऐकलं," तो म्हणाला. कसं बोलायला सुरुवात करावी ते त्याला सुचलं नव्हतं. "त्यात शेवटची ओळ राहिलीय."

"राहिली नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "लिहिली होती मी. पण रेकॉर्डिंगला तिथे आलं की दरवेळी आवाज जायचा. अकरा वेळा घेतलं. मग काढूनच टाकली."

"मग आता म्हण."

एक मोठी कापडांची ढकलगाडी खडखडत आली. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दुसरा कान त्यानं हातानं झाकला. मुलगी गायली नाही. सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा करत तिनं म्हटलं, "थंड झाला, की परत ये. आत काय मोडलंय, ते बघ."

"बरोबर," तो म्हणाला.

मग त्यानं तिला घराचा पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला, डावीकडचं दार, सगळा. ती त्याच घरात जन्मली होती, वाढली होती. पण तिनं त्याला मध्येच तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.