खडेमिठाचा हार

समीक्षाला प्रेरणा मिळायची ती बहुधा गोवा हायवेवर. गेल्या वर्षी कर्नाळ्याचा सुळका पाहून तिनं कानातले घडवले, तर गिऱ्हाइकांनी 'गॅसचा सिलिंडर काय हुबेहूब आलाय!' अशी दाद दिली. मग तिनं अभयारण्यातले पक्षी केले. ते कोंबड्या म्हणून खपले. दुसरी एखादी पक्कड बाजूला ठेवून बँकेच्या परीक्षेला बसली असती. समीक्षानं आपल्या मुळांकडे जायचं ठरवलं.

मुळं म्हणजे मिठागर. घराण्याचं मिठागर केव्हाच भरावाखाली गेलं होतं आणि त्याच्या मोबदल्यातून विचुंब्यात लिफ्टवाली इमारत उभी राहिली होती. तरी 'मिठात राबलेल्या माझ्या बायांचा वारसा' हे वाक्य इन्स्टावर झकास दिसत होतं. समीक्षा स्वतः मिठागरात कधी उतरली नव्हती. तिला उन्हाची ॲलर्जी होती.

मेहनत मात्र खोटी नव्हती. लोणच्याच्या बरण्यांत मिठाचं दाट पाणी, त्यात सोडलेला दोरा, आणि दोऱ्यावर हळूहळू धरत जाणारे चौकोनी खडे. त्यातले नितळ तेवढे चिमट्यानं उचलायचे, तांब्याच्या तारेत गुंफायचे, पनवेलच्या दमट हवेत विरघळू नयेत म्हणून वरून रेझिनचा हात द्यायचा. बोटं चरचरायची. घरात लोणचं घालणं बंद पडलं होतं.

इमारतीखाली एक गाळा रिकामा होता. तिथं समीक्षाला स्टुडिओ हवा होता आणि तिचा भाऊ दीपेश याला प्रोटीन पावडरचं दुकान. वडील भगवानशेठ यांनी न्याय केला.

"हेतलच्या हळदीला सगला गाव येनार हाय. तिच्या अंगावर तुजा दागिना घाल. चार बायांनी चौकशी केली तर गाळा तुजा. नाय केली तर दीपेशचा."

"फेअर आहे पप्पा," दीपेश म्हणाला. "घाम आला की वर लिंबू पिळायचं. नवरीबरोबर सरबत फ्री."

हेतल म्हणजे भामाआत्याची मुलगी. तिनं लगेच होकार दिला, कारण तिच्या एकाही मैत्रिणीच्या हळदीत मिठाचे दागिने नव्हते. आत्यानं मात्र हार बोटावर तोलून पाहिला.

"आमी मिठातून निंगालो, सोन्यात आलो. नि तू माज्या पोरीला परत मिठात घालतंस?"

"आत्या, ही आपली ओळख आहे."

"माजे पाय बघ. टाचंत अजून रुतलेली हाय ती ओळख."

हळदीच्या संध्याकाळी हेतल मांडवात बसली. डीजे असा घुमत होता की ताटातला पापड आपोआप मोडावा. बायांच्या नजरा हारावरून घसरायच्या आणि आत्याच्या पाटल्यांवर जाऊन थांबायच्या. एकीनं तेवढं विचारलं, "साबुदान्याचा हाय का गो?"

"एक चौकशी झाली," समीक्षा म्हणाली.

"ती चौकशी नाही, चेष्टा," दीपेश म्हणाला. "पप्पांना विचार."

तेवढ्यात हेतल कलंडली. घागऱ्यात मावण्यासाठी ती आठवडाभर काकडीवर जगत होती. पण इतकं साधं कारण आपल्याकडे कुणी मान्य करत नाही.

"नजर लागली!" आत्या ओरडली. "खडे मीठ आना!"

केटररचा माणूस पिशवीतलं बारीक मीठ घेऊन धावत आला. आत्यानं ते त्याच्या हातातच झिडकारलं. "पिशवीतल्या मिठाला नजर कलते का रं?" आणि मग तिची दृष्टी लेकीच्या गळ्यावर स्थिरावली.

"आत्या, नको! तो हँडमेड आहे!"

"मंग हातानंच काढते."

हार निघाला, हेतलवरून ओवाळला गेला आणि थेट केटररच्या तंदूरमध्ये पडला. आधी खडे तडतडले, लवंगी फटाक्यांसारखे. मग रेझिननं पेट घेतला. तंदूरमधून काळाकुट्ट धूर उठला आणि टायर जळाल्याचा वास मांडवभर पसरला. डीजेवाल्यानं आपण होऊन आवाज बंद केला. त्या वासानं हेतल खोकत खोकत उठून बसली.

"बघा! बघा केवढी नजर होती ती!" आत्यानं कानशिलांवर बोटं मोडली.

'तो रेझिनचा धूर आहे,' हे वाक्य समीक्षाच्या ओठांपर्यंत आलं. पण तोवर बायांनी तिला घेरलं होतं. कोण बनवतं? कुठं मिळतो? सुनेच्या डोहाळजेवणाला मिळेल का? नव्या गाडीसाठी छोटा आहे का? मांडवाच्या कडेला भगवानशेठ बोटं मोडत... नव्हे, मोजत उभे होते. चौथ्या बोटावर ते थांबले आणि त्यांनी दीपेशकडे पाहिलं. दीपेश जिलबीच्या काउंटरकडे वळला.

आपटा गावच्या शकूमावशीनं समीक्षाचं मनगट धरलं. "माज्या पोरीच्या हळदीला एक दे. असाच."

समीक्षानं एक शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, या हारामागं एक विचार आहे. मिठात राबलेल्या बायांचा..."

"त्यो ऱ्हाऊ दे तुज्याकडं. धूर पायजे."

"मग दोन करू? एक जाळायला, एक घालायला?"

"घालायला कनाला? घालायला सोना हाय ना!"

समीक्षानं तंदूरकडे पाहिलं. तांब्याची तार आत वाकडी होऊन लाल दिसत होती. मग तिनं ओढणी सावरली आणि नव्या दुकानदाराच्या अदबीनं विचारलं,

"धूर काळाच हवा, मावशी, की रंगीत पण चालेल?"