हळू आवाजातलं भांडण

बर्फराव हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. ते त्यावर कधी रागावले नाहीत, कारण त्यात खोटं काही नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी शीतगृहात काढली होती. बटाटे, सफरचंदं, लोणी, ज्याला त्याला ज्याची त्याची थंडी मोजून द्यायची आणि आपण कानटोपी घालून पहारा करायचा. निवृत्तीच्या भाषणात त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं, “आता उरलेलं आयुष्य मी उबेत काढणार.”

त्यांची बायको शाळेत कवायत शिकवायची. पोरं तिला शिट्टीबाई म्हणत. शिट्टी घरी विसरली तरी तिचं अडत नसे. तिच्या आवाजानं मैदान सोडाच, पलीकडच्या गल्लीतले भाजीवालेसुद्धा सावधानमध्ये उभे राहत. घरात मात्र त्या आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता. कारखान्याशेजारी जन्म काढलेल्याला भोंगा ऐकू येत नाही, तशी बर्फरावांची गत झाली होती.

पानगळीच्या दिवसांत दोघं डोंगर बघायला निघाली. गाडी शिट्टीबाईनं चालवायची आणि चुका बर्फरावांनी काढायच्या, ही वाटणी जुनीच. दिसेल त्या टपरीशी थांबायचं आणि तिथलं काय असेल ते खायचं, असा बाईचा बेत होता. आपल्याला गाडीतून उतरवू नये, एवढाच बर्फरावांचा. भाजलेली कणसं, अक्रोड, चुलीवरचे बटाटे सगळं त्यांना खिडकीतून मिळालं, आणि खिडकी किती वेळ उघडी राहिली यावरून दर वेळी एक भांडण.

त्या सकाळी धुक्यात एक म्हातारी मध विकत बसली होती. बाईनं अख्खं पोळं घेतलं, टोपलीत फडक्यात गुंडाळलेलं. त्याला थोड्या माश्या चिकटलेल्या होत्या.

“गारठल्यात,” म्हातारी म्हणाली. “फडकं सोडू नका.”

गारठल्या म्हणजे गेल्याच, असा अर्थ बाईनं काढला. डिकीत सफरचंदं आणि बर्फरावांचे स्वेटर होते, म्हणून टोपली मागच्या सीटवर आली.

“मधमाश्या?” बर्फराव म्हणाले. “माझ्या गाडीत?”

प्रश्न रास्त होता. मागच्या वर्षी बागेत एकच माशी चावली, तर दवाखाना येईपर्यंत त्यांचा घसा बंद होत आला होता. पुन्हा चावली तर लगेच टोचायचं, म्हणून डॉक्टरांनी एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं होतं.

“मेलेल्या माश्या चावत नाहीत,” बाई म्हणाली. “आणि ते हीटरचं बटण जरा कमी करा. मी भाजून निघतेय.”

“मी सगळा जन्म गारठलोय,” म्हणत बर्फरावांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

घाट सुरू झाला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, दरीत लाल-पिवळी झाडं. रस्ता एवढा अरुंद, की समोरून सायकल आली तरी विचार करावा लागावा. मागे लाकडांचा ट्रक लागला होता, अगदी बंपरला चिकटून. हीटरची ऊब, सूर्य काचेतून आत. बर्फरावांना पेंग येऊ लागली होती.

तेवढ्यात समोरच्या काचेवर एक माशी चढताना दिसली. मग आरशाजवळ दुसरी. मागे टोपलीवरचं फडकं श्वास घेतल्यासारखं हलत होतं.

बाईनं ओरडण्यासाठी छाती भरून घेतली.

“ओरडू नकोस,” बर्फराव ओठ न हलवता म्हणाले. “एक माझ्या बाहीवर आहे.”

बाईनं भरलेला श्वास हळूहळू सोडला. “अहो,” ती म्हणाली, आणि तो आवाज बर्फरावांनी याआधी कधी ऐकला नव्हता. तान्ह्या बाळाला थोपटतानाचा आवाज होता तो. “थांबवू का गाडी?”

“कुठे? ट्रक आपल्यावर बसेल. खिंडीत जागा आहे, तोवर चल. झटका देऊ नकोस.”

“बरं. माझ्या पर्समध्ये तुमचं इंजेक्शन असेल ना?”

बर्फरावांनी नजर बाहीवर वळवली. बाहीवरची माशी मनगटाच्या दिशेनं निघाली होती.

“अहो, मी तुम्हाला काहीतरी विचारलं.”

“ते घरी आहे. गरम पाण्याची पिशवी पर्समध्ये मावेना, म्हणून मी काढून ठेवलं.”

गाडी एका वळणावर आली. बाईनं अलगद चाक फिरवलं, अलगद गियर टाकला आणि अंगाईच्या चालीत म्हणाली, “तुमच्यासारखा नमुना सात गावं हिंडून सापडायचा नाही. तुम्ही जगलात, तर मी तुम्हाला सोडणार नाही.”

“आणि पोळं कुणी घेतलं?” बर्फराव तितक्याच गोड आवाजात म्हणाले. “मेल्यात म्हणे. नाडी बघितली होतीस?”

“चुकलं माझं. आता काय करू ते सांगा.”

‘चुकलं माझं’ हे शब्द या लग्नात नवे होते. एरवी बर्फरावांनी ते दोनदा म्हणवून घेतले असते. पण माशी आता मनगटावर होती, आणि तिचे पाय त्यांना एक एक करून कळत होते.

त्यांना सफरचंदांच्या पेट्या आठवल्या. पेटीबरोबर कधी गांधीलमाशी आत यायची, गारठून पडायची. मेली म्हणून बाहेर फेकली, की उन्हात उठून उडून जायची.

“हीटर बंद कर,” ते म्हणाले. “एसी लाव. पंखा अगदी बारीक, वारा नको. नुसती थंडी उतरू दे.”

“तुम्हाला गारठा सोसेल?”

“लाव.”

बाईनं एसी लावला. गाडी चढत राहिली. कड्याच्या सावलीत ऊन गेलं. बर्फरावांच्या पायांतून थंडी वर आली, गुडघ्यांत बसली, जुन्या भाडेकरूसारखी. थरथर सुटू नये म्हणून त्यांनी दात आवळले. थरथरलं, की संपलं. माशी अंगठ्याच्या मुळाशी आली आणि तिनं पोट जरासं वाकवलं.

“बोलत राहा,” बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं, झालं.”

“काय बोलू?”

“काहीही. माझ्या चुका काढा.”

“मघाच्या वळणावर,” बर्फराव म्हणाले, “फार छान चालवलीस.”

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला तिनं हात उचलला नाही.

काचेवरची माशी मंदावली. आरशाजवळची पाय आखडून घेत खाली पडली. अंगठ्याशी आलेली पुढे सरकेना, मागे जाईना. खिंड आली, तेव्हा ती पिकल्या पानासारखी बर्फरावांच्या मांडीवर गळून पडली.

बाईनं गाडी बाजूला घेतली. ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला. ती उतरून आली, बर्फरावांच्या बाजूचं दार उघडलं आणि सफरचंदाच्या कागदी पिशवीनं एकेक माशी उचलून फडक्यात ठेवली. मग टोपली बाहेर नेऊन कड्याच्या फटीत, उन्हाच्या तिरिपेत ठेवून आली. पैसे गेले, मध गेला. बर्फराव निळ्या ओठांनी बाहेर उभे होते. त्यांनी सीटवरचा मफलर उचलला आणि गळ्याशी नेला.

“अहो,” बाई त्याच थोपटत्या आवाजात म्हणाली, “मफलर राहू द्या.”

बर्फराव होते तसे थिजले. बाईनं जवळ येऊन मफलरच्या घडीतली शेवटची माशी चिमटीत न धरता पिशवीच्या कडेवर घेतली आणि वाऱ्यावर सोडून दिली.

गाडी उताराला लागली. हीटर बंदच होता. पहिलं गाव दिसलं, टपरीवरचा धूर दिसला, तेव्हा बर्फरावांनी धीर करून बटणाकडे हात नेला.

“अहो,” बाई हळूच म्हणाली.

हात हवेत थांबला. बर्फरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काच बघितली, आरसा बघितला, स्वतःची बाही बघितली. कुठेच काही नव्हतं. तरी हात पुढे नेण्याची त्यांची छाती झाली नाही.

“काय?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाली, आणि टपरीशी गाडी थांबवली. “उतरा. आज बाहेर बसून खाऊ.”

बर्फराव मुकाट्यानं उतरले.