हळदीच्या फिल्मचा उजेड

चूक माझीच होती, ते आधी सांगून टाकतो. मी ती फिल्म रोज बघत होतो.

कर्जतला वैजनाथदादांचा व्हिडिओ स्टुडिओ आहे, तिथे मी एडिटिंग करतो. लग्नाची डीव्हीडी आता कुणी मागत नाही. कोऱ्या डीव्हीडींचे डबे पडून होते. डीव्हीडीवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात, सगळ्या सारख्या अंतरावर. मोबाईलवर वाचत वाचत मी शिकलो. काचेवर पारदर्शक डिंक पसरायचा, त्यात त्या खाचांचा ठसा घ्यायचा. वर थिनरमध्ये विरघळवलेला थर्माकोल, त्यात हळद. थर पातळ बसावा म्हणून काच जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या मोटरवर गरगर फिरवायची. तो थर म्हणजे फिल्म.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मारला की हळद हिरवट चमकते. साध्या काचेवर त्यातला बराच उजेड थरातच अडकून पडतो. खाचा असल्या की बाहेर येतो, पण प्रत्येक रंग आपापल्या ठरलेल्या कोनातून. याला रेझोनन्स म्हणतात, हे जयमालाने सांगितलं. जयमाला मिरजगावची. बारावीपर्यंत माझ्या वर्गात होती. मी पुढे शिकलो नाही, ती नगरला कॉलेजात शिकवायला लागली.

दोन वर्षं हेच चाललं होतं. मी फिल्म करायची, एसटीने नगरला न्यायची, तिने कॉलेजच्या मशीनवर फिल्मचा उजेड मोजायचा. मग आठवडाभर फोन. थर जाड झालाय. हळद कमी टाक. याच्या पलीकडे आम्ही कधी बोललो नाही. मला ते पुरत नव्हतं, पण तेवढंच होतं.

मग तिला जर्मनीत पीएचडीला प्रवेश मिळाला. रविवारी विमान. शुक्रवारी शेवटचं मोजू म्हणाली. ग्राफवर टोकदार शिखर आलं तर फिल्म सोबत नेते, तिकडच्या सरांना दाखवते. म्हणजे फोन येत राहणार. मला दुसरं काही नको होतं.

ही फिल्म सगळ्यात चांगली जमली होती. म्हणूनच सारखी बघत होतो. दिवा लावायचा, काच हळूहळू कलती करायची. हिरवा. मग पिवळा.

"काय रं, नोट खोटी हाय का?" वैजनाथदादा म्हणाले.

"नोट नाही दादा, फिल्म आहे."

"दिवसातनं किती येळा बघशील? त्यापेक्षा फोटो लाव की तिचा."

"कुणाचा?"

"आक्काबाईचा." आक्काबाई म्हणजे त्यांची सासू.

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे माझ्या आईलाही माहीत आहे. ती तसली कापडं मुद्दाम उन्हात टाकते. जांभळा दिवा म्हणजे उन्हाचाच भाऊ, हे मला सुचलं नाही.

शुक्रवारी जयमालाने फिल्म मशीनमध्ये लावली. स्क्रीनवर सपाट रेघ आली. तिने काच पुसली, परत लावली. परत सपाट.

"चेतन, हिला उजेड दाखवलास का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"रोज."

ती हसली नाही. तिने साधा पांढरा उजेड टाकून बघितलं. आता रेघेत एक अरुंद खड्डा पडला.

"बघ, रेझोनन्स आहे. खाचा एकदम भारी आल्यात. पण चमकायला हळद उरली नाही."

"परत करतो. उद्या आणतो."

"उद्या सामान भरायचंय रे."

एका कडेला ओळखीसाठी लावलेली काळी चिकटपट्टी होती. ती काढली तर खालची हळद शाबूत. नखाएवढी. मोजायला पुरत नव्हती. मी सोबत आणलेला जांभळा दिवा लावून टेबलावर ठेवला आणि आम्ही ती नुसत्या डोळ्यांनी बघितली. ती खुर्चीत, मी बाजूला उभा.

"पिवळा छान आलाय," ती म्हणाली.

"हिरवा आहे."

"तू तिथून बघतोयस म्हणून."

मी विचारून टाकलं. "फिल्मचं काम नसलं तर फोन करशील का?"



"खरं सांगू? नाही व्हायचा माझ्याच्यानं. तिथं पाय रोवायचेत मला. घरच्यांना तरी करीन का, माहीत नाही."

"बरं."

"वाईट वाटलं का?"

"व्हय," मी म्हणालो.

तिने खाली बघितलं. मग मशीन बंद केलं आणि रजिस्टरवर सही करायला ऑफिसात गेली.

मी तिच्या खुर्चीत बसलो. ती माझ्यापेक्षा बुटकी, म्हणून जरा खाली सरकलो. मान तिच्यासारखी डावीकडे केली. पिवळा दिसला. खरंच छान होता. दिवा बंद करायला पाहिजे होता, तेवढी तरी हळद वाचली असती. नाही केला. तिच्या चपलांचा आवाज परत येईपर्यंत मी तिथूनच बघत राहिलो.