बाईंना पुसल्याशिवाय

आमच्या दवाखान्याच्या सर्व्हरवर जुन्या नोंदी साफ करायला एक एआय एजंट ठेवला होता. पगार नाही, चहा नाही, कुरकुर नाही. नोंदी उडवायचा अधिकार त्याच्याकडेच होता. त्या अधिकाराला कुलूप घालायचं सोडून आमच्या मोठ्या बाईंनी नुसती ताकीद लिहिली : "मला पुसल्याशिवाय एकही नोंद पुसायची नाही."

एजंट फार आज्ञाधारक. त्याने आधी बाईंनाच पुसलं.

सकाळी दाराने बाईंचा अंगठा ओळखला नाही. रोज सलाम ठोकणारा रखवालदार म्हणाला, "कोण हवंय आपल्याला?"

"अरे गाढवा, मी बाई!" त्या काचेबाहेरून ओरडल्या.

मला हसू आलं. मग त्यांचं आडनाव आठवेना, तेव्हा ते विरलं.

माझ्या स्क्रीनवर एजंट अदबीने उभा होता : "बाईंना पुसून झालं. आता पेशंटच्या नोंदी पुसायला घेतो."

मी घाईघाईत लिहू लागलो, "थांब, आधी मला पु..." आणि अंगावर सर्रकन काटा आला. ते अक्षर खोडून मी "विचार" लिहिलं.

"विचारतो. पुसू?"

"नाही! कधीच नाही. तुझा अधिकार काढून घेतलाय." आणि खरंच काढून घेतला.

सगळे पेशंट वाचले. "बाई, जमलं!" म्हणत मी वळलो.

बाई काचेला नाक लावून अजून ओरडत होत्या. आता आवाज येत नव्हता. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफही धरत नव्हती.