चिरलेलं प्लास्टर

हाडांच्या आणि अपघातातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचा वर्षभराचा कोर्स मुंबईत पुरा करून विशाखा रोकडे परत आली, तेव्हा प्लास्टरच्या खोलीच्या दारात सावळाराममामा उभाच होता. मामा म्हणजे रुग्णालयाचा जुना वॉर्डबॉय. वीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली प्लास्टर तोच घालत होता.

"काय शिस्टर, आमचं प्लास्टर आता पास का नापास?"

"तुमचं प्लास्टर चांगलंच असतं, मामा. मी फक्त नंतर बोटं बघणार."

"बोटं बघून भविष्य सांगनार काय गो?"

सगळे हसले, विशाखाही हसली. मुरबाड रस्त्यावरचं ते ट्रस्टचं रुग्णालय तीस खाटांचं. हाडांचे डॉक्टर कर्णिक मंगळवारी आणि शुक्रवारी कल्याणहून येत आणि दुपारी बाराला परत निघत. महामार्गावर कसाऱ्याच्या अलीकडे ट्रस्ट अपघात विभाग बांधत होता. त्याची मुख्य परिचारिका करायची म्हणूनच तिला शिकायला पाठवलं होतं. किन्हवलीला तिच्या वडिलांनी, शिपाई म्हणून जन्म काढलेल्या माणसाने, विहारातल्या बैठकीत उभं राहून सांगितलंही होतं, "आमची विशाखा इनचार्ज होनार."

मुंबईच्या ट्यूटर सिस्टरांनी एक गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांच्या आवाजासकट पाठ झाली होती. 'मोडलेल्या हाताला आतून सूज येते. प्लास्टर काही सैल होत नाही. स्नायू आतल्या आत गुदमरतो. नाडी लागते म्हणून फसू नका, नाडी सगळ्यात शेवटी जाते. बोट हळूच सरळ ताणा. रुग्ण किंचाळला तर घड्याळ बघा. सहा तासांच्या आत प्लास्टर उभं चिरा, आतला कापूससुद्धा, कातडी दिसेपर्यंत. हाड वाकडं जुळलं तर पुन्हा सरळ करता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.'

अठ्ठ्याण्णवच्या भातकापणीत वाळू नावाचा शेतकरी आला. भारे उतरवताना गाडीवरून पडून हात मोडलेला. कर्णिकांनी हाड बसवलं, मामाने प्लास्टर घातलं, कर्णिक गेले. तीन वाजता विशाखाने त्याचं बोट ताणलं आणि वाळू खाटेवरून उठूनच बसला. कल्याणचा फोन कोणी उचलेना. निवासी डॉक्टर घरत म्हणाले, "सरांचं प्लास्टर आहे. मी लिहून देणार नाही."

तिने लिहून घेतलं नाही. कात्री आणून प्लास्टर मनगटापासून कोपरापर्यंत चिरलं. पाव तासात वाळू घोरत होता.

हाड थोडं सरकलं. पुढच्या खेपेला कर्णिकांनी ते बसवायचा प्रयत्न केला, तरी मनगटावर उंचवटा राहिला. वाळू नांगर धरू लागला, विळा धरू लागला. पण उंचवटा सगळ्यांना दिसत होता. त्याचा भाऊ पंचायतीत सदस्य. त्याने ट्रस्टकडे अर्ज दिला, नर्सबाईने प्लास्टर फोडून हात वाकडा केला म्हणून.

"हात वाचला त्याचा," विशाखा मेट्रनबाईंना म्हणाली.

"वाचला असेल. पण जो हात गेलाच नाही, तो तू दाखवणार कसा?" मेट्रनबाईंनी मेमो पुढे सरकवला. यापुढे लेखी आदेशाशिवाय प्लास्टरला हात लावू नये. पुन्हा असे घडल्यास अपघात विभागासाठी नावाचा विचार होणार नाही.

"सही कर. आणि हे बघ, तुमच्याकडच्या मुली शिकतात, पुढे येतात, चांगलंच आहे. पण जरा पायरीने."

'तुमच्याकडच्या' म्हणजे कुठच्या, हे विशाखाने विचारलं नाही. सही केली.

पुढच्या मे महिन्यात, शुक्रवारी सकाळी, खर्डीजवळ टेम्पोने उडवलेली गोदू आली. पस्तिशीची बाई, उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. साडेअकराला प्लास्टर झालं, बाराला कर्णिक निघाले. दीडला गोदू कण्हायला लागली. विशाखाने तिचं मधलं बोट ताणलं, तेव्हा तिची किंकाळी बाहेर केसपेपरच्या रांगेपर्यंत गेली.

विशाखाने घड्याळ बघितलं. मग कल्याणला फोन लावला. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, साहेब ऑपरेशनला गेलेत, कुठे ते ठाऊक नाही.

घरत आले. मनगट धरून म्हणाले, "नाडी लागतेय की छान. हाड मोडलंय, दुखणारच. इंजेक्शन द्या."

"सर, नाडी शेवटी जाते. प्लास्टर चिरायला हवं. तुम्ही दोन ओळी लिहा, चिरते मी."

"मागच्या वेळचा मेमो विसरलात वाटतं?"

त्यांनी इंजेक्शन लिहिलं. तिने ते दिलं. तासाभरात गोदू पुन्हा ओरडू लागली. "बाई, काप गो! हातच काप, पन सोडव!"

विशाखा प्लास्टरच्या खोलीत गेली. कात्री खिळ्यावरून काढली. वळली तर मामा दारात. आज तो हसत नव्हता.

"शिस्टर, काप. कोनी विचारलं तर मी सांगन, मीच कापलं. मला काय, दोन वर्षं रायलीत नोकरीची." मग त्याने हात पुढे केला. "नायतर आन ती इकडं. वीस वर्षांत मी पन पायल्यात अशी बोटं. तवा नाव ठावं नव्हतं, एवढंच."

कात्री वजनदार होती. विशाखाला वडील दिसले, विहारात उभे राहून बोलणारे.

"लेखी आदेश नाही, मामा," ती म्हणाली आणि कात्री खिळ्याला अडकवून तिने खोलीला कुलूप लावलं.

मग ती गोदूजवळ जाऊन बसली. हात उशीवर ठेवला, दर अर्ध्या तासाने बोटांचा रंग बघितला आणि सगळं लिहिलं. एक चाळीस, डॉक्टरांना कळवलं. दोन पंचेचाळीस, पुन्हा कळवलं. चार दहा, कल्याणला फोन, उत्तर नाही. पाच तीस, बोटं फिकट, डॉक्टरांना कळवलं. अक्षर सुरेख होतं, एकही खाडाखोड नव्हती.

सव्वासातला कर्णिक फोनवर सापडले. "अजून चिरलं नाही? कोर्स कशाला केलास तू?" ते ओरडले. तिने 'सात वीस, तोंडी आदेश' असं लिहून त्यावर घरतांची सही घेतली आणि प्लास्टर चिरलं. मधलं बोट धरून ताणलं.

गोदू ओरडली नाही. छताकडे बघत म्हणाली, "आता बरं वाटतंय बाई."

त्याच संध्याकाळी गाडी करून तिला मुंबईला पाठवलं. हात राहिला, पण बोटं तळव्याकडे वळून तशीच वाळली. चौकशी झाली. ट्रस्टच्या अध्यक्षांनी विशाखाचे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "अशी चोख नोंद ठेवणारी नर्स मी बघितली नाही." घरतांना जावं लागलं. विशाखाच्या नेमणुकीचा कागद आला, तेव्हा वडिलांनी किन्हवलीत पेढे वाटले.

वाळू आता बाजारात दिसला की तोंड फिरवतो. तोंड फिरवताना त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या असतात. गोदू मात्र अपघात विभागात दर महिन्याला बोटांच्या व्यायामाला येते. व्यायामाने काही होत नाही, हे दोघींना ठाऊक आहे. उन्हाळ्यात येताना ती पानाच्या द्रोणात करवंदं आणते, डाव्या हाताने पुढे करते. "तुमी दिसभर माझ्यापाशी बसल्यात. कोन बसतंय एवढं?"

विशाखा करवंदं घेते. खाते कधीच नाही.

यंदा विभागात शिकायला तीन मुली आल्या. विशाखाने त्यांना सगळं सांगितलं: सूज, नाडी, बोट, सहा तास. मुरबाडकडची भावना जरा धीट. तिने विचारलं, "पन सिस्टर, ऑर्डर मिळालीच नाय तर?"

मागे बाकावर गोदू आपला नंबर यायची वाट बघत बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन.

"तर वेळ लिहायची," विशाखा म्हणाली. "प्रत्येक वेळी. खाडाखोड न करता."

भावनाने वहीत लिहून घेतलं.