पेटीचा ताप

“हात लावला! सरांनी हात लावला!” मागून कुणीतरी ओरडलं आणि लॅबमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या साठ-सत्तर माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ही माणसं अडाणी नव्हती बरं का. कुणी पीएचडी झालेले, कुणी होऊ घातलेले, पुढच्या रांगेत सरांची पद्धत विकत घ्यायला आलेल्या कंपनीचे कोट घातलेले चार पाहुणे. मध्ये आमचे गाईड, डोळे मिटून, काचेच्या बाटलीवर उजवा तळहात ठेवून उभे.

बाटलीत पतंगाच्या अळीच्या पेशी होत्या. जनावर मारायचं नाही. किड्याच्या चिमूटभर पेशी पोषक द्रवात वाढवायच्या आणि त्यांचं मांस करायचं, हा आमच्या संशोधनाचा विषय. विषय खरा, शास्त्र खरं. खोटे फक्त सर. त्यांचा हात लागलेली बाटली वरच्या उबवणपेटीत जायची आणि तीन दिवसांत पेशींनी गच्च भरायची. विद्यार्थ्यांच्या बाटल्या खालच्या पेटीत जायच्या आणि तिथे पेशी मरून तळाला करडा गाळ बसायचा. पेट्या सारख्या, द्रव एकच, दोन्ही पडद्यांवर तापमान सत्तावीस अंश. मग फरक कशाचा? हातगुणाचा! पोरं त्यांना परीससर म्हणायची आणि आपल्याही बाटलीला हात लागावा म्हणून शनिवारी रांग लावायची.

“पेशीला मेंदू नाही, पण मन आहे,” सर पाहुण्यांना सांगत होते. “मी तिला रोज विचारतो, बरं आहे ना गं? ती उत्तर देते.” काय उत्तर देते ते मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

माझी थोरली बहीण याच लॅबमध्ये चार वर्षं खपली. तिची प्रत्येक बाटली मेली. सरांनी भर बैठकीत तिचा हात उचलून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, “हा हात शास्त्राचा नाही.” ताई संशोधन सोडून घरी आली. आता ती कुंडीला पाणी घालत नाही. मावसबहिणीचं बाळ घ्यायलाही पुढे होत नाही. “माझा हात नको,” म्हणते. म्हणून मी त्याच लॅबमध्ये, त्याच गाईडकडे नाव नोंदवलं. ज्ञानासाठी नाही, सूड घ्यायला. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

“दुसरीही तसलीच निघाली,” माझ्या बाटल्या मरायला लागल्यावर सर म्हणाले. “घराण्यातच दोष आहे.”

मी पेट्यांवर नजर ठेवायला लागले. पेट्यांची किल्ली एकट्या सरांकडे असायची. ते सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. लोक म्हणायचे, केवढा कष्टाळू माणूस! आई दवाखान्यात नर्स आहे. एकदा घरी मी हे सांगत होते तेव्हा ती सहज म्हणाली, “रात्रीचा ताप सकाळी उतरतो गं. सकाळीच बघितलंस तर कसा कळणार?”

आईचा ताप मोजायचा थर्मामीटर जुना, पाऱ्याचा. पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. मी असे दोन घेतले आणि डीन मॅडमकडे गेले. मॅडम शंकेखोर बाई. त्यांनी दोन्ही स्वतः झटकून पाहिले, छोट्या कापडी पिशव्यांत घालून शिवले आणि शिवणीवर दिसेल न दिसेल अशी बारीक सही केली.

आणि आता, पाहुण्यांसमोर, मी मान खाली घालून म्हटलं, “सर, आईने तोडगा दिलाय. दोन्ही पेट्यांत एकेक पिशवी ठेवू?”

सर खदखदून हसले. “ठेव, ठेव! बघा, आता हिचीही श्रद्धा बसायला लागली.” स्वतःच्या हातांनी त्यांनी त्या पिशव्या आत ठेवल्या आणि किल्ली खिशात टाकली.

तीन दिवसांनी तीच गर्दी, तेच पाहुणे, आणि या वेळी डीन मॅडमही. सरांची बाटली भरलेली, माझ्या बाटलीत गाळ. टाळ्या पडल्या. टाळ्या संपेपर्यंत मी थांबले.

“मॅडम, आता तोडगा उघडा.”

मॅडमनी कात्रीने शिवण उसवली. वरच्या पेटीतल्या थर्मामीटरचा पारा तळाला होता. खालच्या पेटीतला चढला होता एकेचाळीसवर.

“सत्तावीसवर जगणाऱ्या पेशी रात्रभर एकेचाळीसवर शिजल्या,” मी म्हटलं. “संध्याकाळी उष्णता वाढवायची, पहाटे उतरवायची. हाच तुमचा हातगुण, सर.”

“थर्मामीटर बिघडलाय!”

मॅडमनी तो पुसला, झटकला आणि कंपनीच्या सर्वांत थोर दिसणाऱ्या पाहुण्याच्या काखेत दिला. बिचारा कोट काढून मुकाट बसला. पाच मिनिटांनी आकडा आला साडेछत्तीस.

“किल्ली कुणाकडे असते?” मॅडमनी विचारलं.

“सरांकडे,” शनिवारची अख्खी रांग एका सुरात म्हणाली. आणि आमच्या पेशी का मारायच्या? त्या कुणालाही वाढवता आल्या असत्या तर सरांची ‘स्पर्शपद्धती’ कंपनीने कशाला विकत घेतली असती? चारही पाहुणे निरोप न घेताच गेले. सरांनी उजव्या हाताने खिशातली किल्ली काढून मॅडमपुढे ठेवली. तो हात मी डोळे भरून पाहिला.

किल्ली मॅडमकडेच राहिली. मी ताईला ओढून आणलं. ती बाटली घेईना. शेवटी तिने ती भरली, खालच्या पेटीत ठेवली आणि तीन दिवस नीट जेवली नाही. चौथ्या दिवशी बाटली गच्च भरलेली होती. ताई बराच वेळ बाटलीकडे न बघता आपल्या तळहाताकडेच बघत राहिली. मग इतकी रडली की मला तिच्या हातून बाटली काढून घ्यावी लागली.

बाबांनो, हातात गुण नसतो आणि दोषही नसतो. कुणी तसं म्हणालं तर आधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा आणि पेटीत थर्मामीटर ठेवा.

सर नोकरीतून गेले. जाताना माझ्याकडे आले, हात जोडून म्हणाले, “मला माफ कर.”

“त्या जोडलेल्या हातांनी ताईकडे जा,” मी म्हटलं. “तिने माफ केलं तर तिची मर्जी. मी करणार नाही.”